अबाबियोंच्या दारावरची पाटी

१

"सापडलं! अब्बा, सापडलं!"

अतिया ओरडत पुढच्या खोलीतल्या दुकानात आली तेव्हा रहमत जळक्या मोटारीच्या पोटातून काळी पडलेली तांब्याची तार ओढून काढत होता. बोरी अरबच्या शिवारात विहिरीवरची मोटार जळली की ती त्याच्याकडेच यायची. त्यानं मान वर केली नाही.

"काय सापडलं? दहाचा पाना?"

"आपलं आडनाव!"

"ते हारपलं कधी व्हतं?"

बाप हसला, पण अतियाच्या अंगात आता वारं भरलं होतं. पहिलीपासून एमएपर्यंत एकाही शिक्षकानं हजेरी घेताना तिचं आडनाव एका दमात वाचलं नव्हतं. 'अतिया रहमत' इथपर्यंत गाडी सुरळीत, पुढे खड्डा. गावात शेख होते, खान होते, सय्यद होते. अबाबियो मात्र हे एकच घर. विचारलं की घरातल्या मोठ्यांचं ठरलेलं उत्तर, आपण अरब. कुठले अरब, कधी आले, कशाला आले असं पुढे विचारलं की दुसरं ठरलेलं उत्तर, "तुले काय करायचं?" अमरावतीहून समाजशास्त्र शिकून आलेल्या मुलीला असं म्हणणं म्हणजे आगीवर रॉकेल ओतणं.

आणि आज, घरबसल्या ती जो ऑनलाइन कोर्स करत होती त्यात शिकणाऱ्यांच्या नावांवरून सहज बोट फिरवताना तिला दिसलं होतं: अमा अबाबियो, कुमासी, घाना.

"आफ्रिका, अब्बा! आपण अरब-बिरब कोणी नाही. आफ्रिका!"

रहमतच्या हातातली तार थांबली. आतल्या दाराकडे पाहत तो हळूच म्हणाला, "हळू बोल. फुप्पी आयकल."

२

घरात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी यायची. मधल्या खोलीत, खिडकीजवळ, झोळीच्या अगदी बाजूला.

झोळीत अब्रारचा मुलगा झोपलेला होता. अब्रार म्हणजे अतियाचा मोठा भाऊ, लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाला, रविवारी घरी येणारा. त्याच्या बायकोला, मुस्कानला, आधी दोन मुलं झाली आणि दोन्ही अंगावरची असतानाच गेली. हा तिसरा. महिना उलटला तरी याला नाव नव्हतं. अतियाची आत्या, अमिनाबी फुप्पी, ठेवू देत नव्हती.

अतियानं एका हातानं झोळीला झोका दिला, दुसऱ्या हातानं व्हिडिओ कॉल लावला. इकडे दुपार होती, तिकडे सकाळ. अमा अबाबियो चाळिशीची, जाड चष्म्याची, एका ऑफिसात हिशेब तपासणारी बाई निघाली. दोघी इंग्रजीत बोलू लागल्या आणि दोन मिनिटांत लहानपणच्या मैत्रिणी झाल्या.

"तुझे केस बघ!" अमा म्हणाली. "हे तर माझ्या आत्याचे केस आहेत!"

"या केसांपायी माझी अर्धी जिंदगी कंगव्याशी भांडण्यात गेली," अतिया म्हणाली. "आता आडनावाचं सांग."

अमानं सांगितलं. अबाबियो हे अकान लोकांचं नाव. त्याचा अर्थ, जो पुन्हा आला तो. एखाद्या घरातलं मूल दगावतं, पाठोपाठ दुसरं होतं, तेव्हा जुने लोक म्हणत, हा तोच, परत आला. म्हणून त्याला हे नाव. आता ते नुसतं आडनाव राहिलंय. "मी काही परतबिरत आलेली नाही. मी पहिल्यांदाच आले आणि पहिल्याच वेळी कंटाळले," असं म्हणून ती खदखदून हसली. काही घरांत तर मुलाला मुद्दाम वाईट नाव ठेवायचे. उकिरडा म्हणायचे, गुलाम म्हणायचे, म्हणजे मृत्यूला ते नकोसं वाटावं.

अतिया जागची उठलीच. "आमच्याकडे पण! कचरू! धोंड्या! फकिरा! अगं, अख्खं गाव भरलंय अशा नावांनी!"

"माझ्या आजोबांच्या वेळची पोरं इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या लढाईला गेली होती," अमा म्हणाली. "वाटेत तुमचा देश लागायचा. सगळी काही घरी परतली नाहीत."

अतियाच्या अंगावर शहारा आला. आनंदाचाच. तिनं ते नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. अमानं उच्चार सुधारला, तिनं पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं, गाणं म्हणावं तसं, झोळीला झोके देत. अबाबियो. अबाबियो.

अमानं मध्येच विचारलं, "तुमच्याकडे लहान बाळं बरीच आहेत का?"

"एकच. भावाचं. का?"

"काही नाही. मागून आवाज येतायत म्हणून विचारलं."

अतियानं झोळीकडे पाहिलं. बाळ गाढ झोपलं होतं. रेंजचा घोळ, ती मनाशी म्हणाली.

३

जेवताना भडका उडाला.

रहमतनं ताटाकडे बघत कबूल केलं की हो, त्याचा आजा पलटणीतून आला होता. दवाखान्यातून सुटला आणि परत गेलाच नाही. दारव्ह्याकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन सांभाळायचा. रंगानं काळा, केस असे कुरळे. इथलीच बायको केली, इथलाच दीन घेतला, मुसलमान झाला. "लोकं म्हनले, अरब आहे. त्यानं नाही म्हनलं नाही. बस."

"आणि हे तुम्ही माझ्यापासून चोवीस वर्षं लपवलं?"

"लपवलं नाही. सांगतलं नाही."

अमिनाबी फुप्पी भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तशीच बसली होती. रहमतची मोठी बहीण, तरुणपणीच माहेरी परतलेली. घरात जन्मलेलं प्रत्येक मूल पहिल्यांदा तिच्या हातात जायचं आणि गेलेलं प्रत्येक मूल शेवटचं तिच्याच हातात असायचं.

"मतलब काढला ना?" ती म्हणाली. "बरं केलं. आता गप राह्य. जुम्म्याले पोट्ट्याले तानाबाईले इकून टाकू. फकिरा म्हनू त्याले."

शेजारच्या तानाबाईला मूल विकायचं म्हणजे काय, हे अतियाला ठाऊक होतं. तानाबाईनं दारात यायचं, सुपातला ज्वारीचा कोंडा द्यायचा आणि मूल आपलं म्हणून घेऊन जायचं. मग ते तिच्या घरचं, म्हणजे मृत्यू या घरी आला तरी त्याला ते सापडू नये. आईनं त्याला पाजायचं ते दुसऱ्याचं म्हणून. अब्बासुद्धा लहानपणी असेच विकले गेले होते. तानाबाईची सासू मरेपर्यंत त्यांना 'आमचा कोंड्याचा' म्हणायची.

"कोंड्याच्या बदल्यात पोरगं!" अतिया कडाडली. "फुप्पी, कोणत्या जमान्यात आहेस? आपल्या नावाचा एवढा मोठा अर्थ सापडला आणि तुम्ही अजून लपवालपवीच करताय! आता कळलं मला, आपल्या घरातून निघताना कोणी 'येतो' का म्हणत नाही. अख्खा महाराष्ट्र 'येतो' म्हणून निघतो आणि आपण 'जातो' म्हणतो! लोक आपल्याला उद्धट समजतात!"

"समजू दे."

"का पण?"

"तुले काय करायचं?"

झालं. अतिया ताटावरून उठली. हात धुताना तिनं मुस्कानकडे पाहिलं. ती झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून हलवत होती.

"भाभी, तू तरी बोल. तुला काय वाटतं?"

मुस्कान म्हणाली, "मले तो राहाले पाहिजे. बाकी तुमी भांडा."

त्याच संध्याकाळी अतियानं अब्बाचा मोटारीवर नंबर टाकायचा पांढरा रंग घेतला, पत्र्याचा तुकडा घेतला आणि पाटी रंगवली. वर मोठ्या अक्षरात 'अबाबियो'. खाली लहान अक्षरात 'परत आलेले'. दुकान सोडून घराच्या दारावर, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसेल अशी, तिनं ती स्वतः ठोकली. तिचं रक्त नुसतं उसळत होतं. हे नाव ऐंशी वर्षं फक्त कागदांवर अंग चोरून बसलं होतं. आज पहिल्यांदा दारावर आलं.

अमिनाबी ओट्यावर आली. तिला अक्षरं वाचता येत नव्हती. तिनं नुसता हात लावून पाहिला. बोटांना ओला रंग लागला.

"दारावर लावलं वं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच अतियाला खटकलं.

४

पहिला फरक चांगला होता. बाळ रडायचं थांबलं.

आधी तिन्हीसांजा झाल्या की ते तास तास कळवळायचं. पाटी लावली त्या दिवसापासून चूप. दूध प्यायचं, झोळीत पडायचं, आणि आतून हुंकार यायचे, कोणाशी गप्पा मारावेत तसे. अतियानं जाता-येता फुप्पीला ऐकवलं, "पाहा! नाव लपवलं तर रडत होता, नाव दिलं तर हसतोय."

मुस्कान मात्र वाळत चालली. "पीतच राह्यतो," ती एकदा दबक्या आवाजात म्हणाली. "याले पाजून ठेवते. हात धुवाले जाते. वापस येते तं झोळीतून चपचप, चपचप. जसा उपाशी आहे. मंग अजून पाजते. अजून ठेवते. अजून चपचप."

"अंग धरतोय भाभी. या वयात मुलं हपापल्यासारखी पितात," अतिया म्हणाली. हे तिनं कुठंतरी वाचलं होतं.

मग दोरी. छताच्या लोखंडी अँगलला रहमतनं जाड हूक बसवला होता, मोटार उचलायचा. त्याला दोरीनं झोळी बांधली होती, फुप्पीच्या जुन्या सुती साडीची. ती दोरी आधी कधी वाजली नव्हती. आता प्रत्येक झोक्याला कुरकुरायची. अतिया अभ्यासाला खिडकीशी बसली की तो आवाज कानात घुसायचा. आणि एका दुपारी, पंखा बंद होता, लाइट गेली होती, तेव्हा तिला त्याच्याखालचा दुसरा आवाज ऐकू आला. श्वास.

बाळाचा श्वास. बारीक, भरभर. तिनं पुस्तक बंद केलं. एक श्वास आत जातो, बाहेर येतो. पण तो बाहेर यायच्या आधीच दुसरा आत जात होता. आणि या दोन्हींच्या मध्ये, अगदी पुसट, तिसरा.

खोलीत फारसं सामान नाही, फरशी उघडी, आवाज घुमत असेल. तिनं उठून टाळी वाजवली. आवाज घुमला नाही.

तिनं झोळीचा काठ सरकवून आत डोकावलं. बाळ जागं होतं. तिच्याकडे पाहून बोळकं पसरून हसलं. एकच बाळ, लाल टोपडं, मुठी वळलेल्या. तिला स्वतःचाच राग आला.

काठ सोडून ती वळली आणि पाठीमागे झोळी आपोआप एका बाजूला कलली. झोपलेल्या माणसांपैकी कोणीतरी कूस बदलावी, तशी.

५

अतिया काही घाबरून गप्प बसणारी मुलगी नव्हती. मनात शंका आली की मोजायचं, हे ती अब्बाकडूनच शिकली होती. दुकानात तार तोलायचा लटकता काटा होता. जुन्या मोटारीतून निघालेलं तांबं त्याला अडकवायचं, स्प्रिंग ताणली जाते, सुई खाली सरकते. खोटं बोलायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मुस्कान न्हाणीत होती, फुप्पी ओट्यावर, अब्बा शिवारात मोटार बसवायला गेलेले. अतियानं आधी बाळाला बाहेर काढून खाटेवर ठेवलं. रिकाम्या झोळीची गाठ सोडली आणि मधे काटा अडकवून पुन्हा बांधली. मग बाळाला आत ठेवलं, झोका थांबू दिला आणि सुईकडे पाहिलं.

गेल्याच आठवड्यात दवाखान्यात वजन झालं होतं. चार किलोला थोडं कमी. सुई चारच्या जवळ आली. अतियानं सुटकेचा श्वास टाकला. एवढं सोपं होतं! ती हसलीसुद्धा.

सुई हलली. चार सोडून खाली गेली, सहजपणे, जिन्यावरून एक पायरी उतरावी तशी, आणि थांबली. थोड्या वेळानं आणखी एक पायरी. बाळ आत हुंकारत होतं, लाडात आलेलं. आणखी एक. चार मोटारींचं तांबं एकदम लटकवल्यावर जिथं जाते, तिथं सुई गेली आणि स्प्रिंग करकरली.

अतियानं झटक्यात हात घालून बाळाला उचललं आणि छातीशी धरलं. टोपड्याखालून त्याचा गरम श्वास तिच्या गळ्याला लागत होता.

सुई वर आली नाही.

६

"काढून टाकते मी पाटी," अतिया म्हणाली. तिच्या हातात पक्कड होती. बाळ आता मुस्कानच्या मांडीवर, ओट्यावर. मधल्या खोलीत कोणी नव्हतं आणि दोरी कुरकुरत होती.

"काढ," अमिनाबी म्हणाली. "पन तू बोलावनं केलं बेटा. आलेला पाहुना पाटी काढल्यानं उठून जाते का?"

"कोण पाहुणा? सरळ सांग ना फुप्पी, एकदा तरी!"

फुप्पीनं तिच्याकडे पाहिलं. या वेळी ते ठरलेलं वाक्य तिनं म्हटलं नाही.

"आपल्या घरातून जे जे लेकरू गेलं, त्याच्या तळपायाले काजळ लावून मी पाठवलं. माह्या आधी माह्या अम्मीनं. वापस आलं तं वळखू यावं म्हनून. अम्मीले हे तुह्या अब्बाच्या आज्यानं शिकवलं. तो म्हने, याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यायले फक्त घर पाहिजे असते. पन येका वक्ती येकालेच दार उघडा."

"किती?" अतियानं विचारलं. "किती पाठवलीस तू?"

फुप्पीनं मोजायला बोटं उघडली आणि पुन्हा मिटली.

तेवढ्यात मुस्कान उठली. दूध द्यायच्या आधी ती सवयीनं बाळाचं दुपटं बदलायला आत गेली, बाळाला झोळीत टाकून खुंटीवरचं फडकं काढायला. नेहमीसारखंच, हाताच्या वळणानं. अतियाला ओरडायचं होतं. आवाज फुटेपर्यंत मुस्कान हात मोकळे करून झोळीपासून दूर झाली होती.

मग तीही थबकली. तिनं पाहिलं होतं.

दुपारचं ऊन खिडकीतून थेट झोळीवर पडलं होतं. धुऊन धुऊन विरलेली साडी, त्या उजेडात कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. झोळी पार जमिनीला टेकेल इतकी ओघळली होती. आणि तिच्या पोटाला आतून टाचा लागलेल्या दिसत होत्या. इवल्या इवल्या टाचा, तळपाय, कापडाला रेटणारे. इथं एक, तिथं दोन, वर काठाशी आणखी. प्रत्येक तळव्याच्या मधोमध काळा ठिपका. ते सगळे मजेत पाय झाडत होते.

७

तानाबाईला बोलवायला फुप्पी स्वतः गेली. तानाबाई सूप घेऊन आली तीच धापा टाकत. अतियाला पाहून तिनं थट्टेचा सूर लावायचा प्रयत्न केला, "काय वं एमए, शेवटी माह्याच सुपाची आठवन आली का?" आणि तिची नजर दाराच्या आत गेली. ती एक पाऊल मागे सरली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाली,

"माह्यं पोट्टं तुमच्या घरी आहे. कोंडा आनला मी. माह्यं मले द्या."

"येकच नेता येते," फुप्पी म्हणाली. "ज्याले नेलं तो राह्यला. बाकीच्यायची वाट बंद."

अतिया झोळीकडे धावली. "लाल टोपडं! भाभी, लाल टोपडं पाहा!" तिनं काठ ओढला. आत अंधार होता, भर उन्हात, आणि त्या अंधारात तिला लाल टोपडं दिसलं. आणि त्याच्या बाजूला लाल टोपडं. सगळे तिच्याकडे पाहून हसले, तिच्या भाच्यासारखे.

मुस्काननं तिला खांद्यानं बाजूला सारलं. डोळे मिटले. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले, कणकेच्या परातीत घालावेत तसे, आणि चाचपू लागली. तिचे ओठ हलत होते. एका जागी हात थांबले. पुढे सरकले. परत त्याच जागी आले.

तिनं एक बाळ बाहेर काढलं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं नाही; काळा ठिपका तर आता सगळ्याच पायांना होता. पदरात झाकून दारापर्यंत नेलं आणि तानाबाईच्या हातात दिलं.

"कोनाचं?" तानाबाईनं विचारलं.

"तुमचं," मुस्कान म्हणाली.

तानाबाई वळली आणि भराभर आपल्या घराकडे गेली. मुस्काननं बाहेर येऊन मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं, कडी लावली.

आणि आत रडणं सुरू झालं.

एकच आवाज. आधी बारीक, मग कळवळून, तिन्हीसांजेला रडायचा तसा, तोच. मधेच श्वास अडकायचा, तोही तसाच. महिनाभर ज्या रडण्यानं अतिया पुस्तक टाकून धावत आली होती, तेच.

"भाभी," तिनं मुस्कानचा दंड धरला. "भाभी, हा तर आपलाच..."

मुस्कान दाराकडे पाठ करून उभी होती. तिचा चेहरा दगडासारखा होता. पण तिच्या ब्लाउजवर एक ओला डाग उमटला, मग दुसरा, आणि पसरत पसरत दूध पदरातून खाली ओघळू लागलं. तिनं ते पुसलं नाही.

"तू इथं थांब," ती म्हणाली. "कडीवर हात ठेव. मी आली तरी उघडू नको. मी रडली तरी उघडू नको."

ती ओटा उतरून तानाबाईच्या दाराकडे चालू लागली. अतियानं दोन्ही हातांनी कडी दाबून धरली. आतलं रडणं आता दाराच्या अगदी जवळ आलं होतं, खाली, उंबऱ्याशी. तानाबाईच्या घरातून अजून कसलाच आवाज येत नव्हता.